न्यू ऑर्लिन्सला गेलात तर दुपारी साध्या खाणावळीत जेवा

अमेरिकेतली आपली माणसं न्यू ऑर्लिन्सला जातात ती बहुतेक कामानिमित्त. मिसिसिपी नदीच्या काठाशी तिथलं मोठं कन्व्हेन्शन सेंटर आहे. डॉक्टरांच्या, इंजिनिअरांच्या, सॉफ्टवेअरवाल्यांच्या परिषदा तिथे भरत असतात. कुणाची मुलगी टुलेन विद्यापीठात शिकते, तिला भेटायला पुण्याहून आईवडील आलेले असतात. तीन-चार दिवस राहून ही मंडळी परततात, आणि तिथे काय जेवलात असं कुणी विचारलं तर सांगण्यासारखं फारसं काही नसतं. हॉटेलातला नाश्ता, परिषदेच्या खोक्यातलं गार सँडविच, रात्री बर्बन स्ट्रीटच्या गोंगाटात महागात पडलेलं आणि घाईनं उरकलेलं काहीतरी. शाकाहारी असतील तर सरळ भारतीय बुफे शोधतात.

या सगळ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: निदान एक दुपार मोकळी ठेवा. कनाल स्ट्रीट आणि पॉइड्रास स्ट्रीटच्या आसपास कचेऱ्यांचा भाग आहे. तिथे, किंवा शेजारच्या फ्रेंच क्वार्टरमधल्या एखाद्या आतल्या रस्त्यावर, साधी केजन-क्रिओल खाणावळ गाठा. गळ्यात ओळखपत्र अडकवलेले कारकून, कोर्टातून आलेले वकील आणि रस्ता खणणारे कामगार एकाच रांगेत उभे दिसले की जागा बरोबर सापडली असं समजा. टेबलावर कापड नसेल, काटे-चमचे प्लास्टिकचे असतील, काउंटरमागची बाई तुम्हाला 'बेबी' म्हणून हाक मारील. तिथे ती सगळ्यांनाच तशी हाक मारते, वय पाहत नाही. रांगेत उभे राहा आणि पाळी आली की मेन्यू वाचायच्या आधी एवढंच विचारा: आज काय आहे?

हा प्रश्न महत्त्वाचा अशासाठी की या शहराच्या आठवड्याला अजून वारांप्रमाणे जेवण आहे. सोमवारी राजमा-भात. सोमवार हा पूर्वी तिथे कपडे धुण्याचा दिवस होता. धुणं दिवसभर चालायचं, चुलीपाशी उभं राहायला बाईला सवड नसायची. म्हणून रविवारच्या जेवणातलं डुकराच्या मांडीचं उरलेलं हाड आणि रात्री भिजत घातलेला लाल राजमा एका पातेल्यात चढवून मंद आचेवर सोडून द्यायचा. संध्याकाळपर्यंत तो आपला आपण शिजायचा. वॉशिंग मशीन घरोघरी येऊन पिढ्या लोटल्या, पण सोमवारचा राजमा-भात शाळेत, कचेरीत, खाणावळीत तसाच टिकून आहे. याच शहरात जन्मलेले जाझचे थोर वादक लुई आर्मस्ट्राँग आपल्या पत्रांच्या शेवटी सही करताना राजमा-भाताची आठवण काढून निरोप घेत, इतकं हे जेवण त्यांच्या अंगात मुरलेलं होतं. चांगला राजमा ओळखायचा कसा? शिजत आल्यावर थोडे दाणे पातेल्याच्या कडेला डावानं दाबून मोडलेले असतात, त्यामुळे रस्सा पाणचट न राहता सायीसारखा दाट होतो आणि बाकीचे दाणे अख्खे राहूनही जिभेवर विरघळतात. दाणा टचटचीत आणि पाणी वेगळं दिसलं तर स्वयंपाक घाईत झालाय असं समजा.

शुक्रवारी मासळी. शहर जुन्या कॅथलिक वळणाचं आहे. ईस्टरच्या आधीच्या उपवासाच्या चाळीस दिवसांत शुक्रवारी मांस वर्ज्य असतं, आणि एरवीही अनेक खाणावळींत शुक्रवारच्या फळ्यावर तळलेला कॅटफिश नाही तर कोळंबीचा काहीतरी प्रकार लिहिलेला असतो. हे लक्षात ठेवा, कारण इथेच आपले शाकाहारी लोक फसतात.

शाकाहारी वाचकांनो, तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही. या खाण्यात डुक्कर आणि मासळी अगदी पायापासून आहेत. राजम्यात हाड किंवा सॉसेज असतं. हिरव्या पालेभाज्या डुकराच्या खारवलेल्या मांसाबरोबर शिजतात. मक्याच्या दाण्यांची भाजी दिसायला निर्धोक असते, तिच्यातही बेकनचे तुकडे सापडतात. ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारी करतात तो पालेभाज्यांचा हिरवा गंबो (गंबो म्हणजे भातावर वाढतात तो दाट रस्सा) नावावरून शाकाहारी वाटतो, पण बहुतेक स्वयंपाकघरांत त्यात मांस पडतंच. आणि 'यात मीट नाही ना?' असं विचारलंत तर समोरची बाई अगदी प्रामाणिकपणे 'नाही' म्हणेल आणि कोळंबी घातलेली ताटली पुढे करील. तिच्या लेखी मासळी म्हणजे मीट नव्हे, तिच्या धर्मातही तो भेद आहे. तेव्हा एक-एक नाव घेऊन विचारा. हॅम आहे का, सॉसेज आहे का, चिकनचं पाणी घातलंय का, मासळीचं किंवा कोळंबीच्या सालांचं पाणी आहे का. ज्या तेलात कोळंबी तळली त्याच तेलात बटाटा तळतात का, हेही विचारा. रांग लांब असली तरी संकोच करू नका. कोळंबीची अॅलर्जी असणारे लोक असेच प्रश्न रोज विचारतात आणि काउंटरवरच्या लोकांना त्याची सवय असते. एवढं करून ताटात मॅकरोनी-चीज, कोलस्लॉ, मक्याचा पाव, तळलेले हिरवे टोमॅटो, फ्रेंच फ्राइज घातलेला पो-बॉय, म्हणजे लांब पावाचं सँडविच, असं काहीबाही जमतं. अंडं चालत असेल तर शेवटी ब्रेड पुडिंग घ्या. त्यावरच्या सॉसमध्ये बहुधा व्हिस्की किंवा रम असते. फ्राइजच्या पो-बॉयवर बीफची ग्रेव्ही ओतायची पद्धत आहे, ती नको असं आधीच सांगा. ज्यांचं सोवळं कडक आहे त्यांनी मात्र इथे जेवायचा हट्ट धरू नये. कॉफी घ्यावी, बरोबरच्यांना जेवू द्यावं.

मांसाहारी असून बीफ किंवा डुक्कर न खाणारे आपल्यात पुष्कळ आहेत. त्यांनी एवढं ध्यानात ठेवावं: अँडुई हे सॉसेज आणि टासो हे धुरावलेलं मांस, ही दोन्ही डुकराचीच, आणि जंबालायाच्या भातात बहुधा यातलं एक तरी असतं. चिकन गंबो म्हटलं तरी चिकनबरोबर अँडुई गृहीत धरलेली असते.

आता केजन आणि क्रिओल ही दोन नावं. दुकानाच्या पाटीवर ती जोडीनं येतात, म्हणून एकच वाटतात. केजन म्हणजे मुळात आजच्या कॅनडातल्या नोव्हा स्कॉशिया भागातले फ्रेंच शेतकरी. १७५५ पासून ब्रिटिशांनी त्यांना घरादारातून हाकलून दिलं, जहाजांत कोंबून ठिकठिकाणी विखरून टाकलं. त्यांतले काही १७६५ च्या सुमारास लुइझियानात पोहोचले आणि शहरापासून लांब, दलदलीच्या आणि गवताळ मुलखात स्थिरावले. जे मिळेल ते खाऊन जगलेल्या माणसांचं हे खाणं: डुक्कर, कोंबडी, बदक, पाणथळीतले जीव, आणि भात. क्रिओल हे शहराचं खाणं. फ्रेंच आणि स्पॅनिश मालक, त्यांच्या घरांत राबणारे आफ्रिकी गुलाम आणि स्वतंत्र कृष्णवर्णीय, हैतीतल्या क्रांतीनंतर क्यूबामार्गे १८०९ साली हजारोंनी आलेले निर्वासित, नंतर आलेले सिसिलीचे इटालियन, या सगळ्यांचा हात त्या पातेल्याला लागला आहे. स्वयंपाक करणारे हात बहुतांश काळे होते, आणि ही गोष्ट कितीतरी वर्षं पाककृतींच्या पुस्तकांत नीट लिहिली गेली नाही. ढोबळ खूण सांगायची तर शहरी क्रिओल जंबालाया टोमॅटोनं लाल असतो आणि केजन जंबालाया मांसाच्या खरपुडीनं तपकिरी. आज डाउनटाउनमधल्या एकाच काउंटरवर दोन्ही मिळतात. त्यात वावगं काही नाही.

केजन मुलांच्या शाळेतल्या छळाबद्दल मात्र थोडं सांगायलाच हवं. लुइझियानाच्या १९२१ च्या राज्यघटनेनं शाळांतली भाषा इंग्रजी ठरवली. मैदानात किंवा वर्गात फ्रेंच बोलणाऱ्या मुलांना शिक्षा व्हायची. दोन-तीन पिढ्यांत घराघरांतून भाषा आटत गेली. १९६८ साली राज्यानं ती जगवण्यासाठी सरकारी परिषद नेमली तोवर पुष्कळ उशीर झाला होता. जे शाळेला पुसता आलं नाही ते पातेल्यात राहिलं. म्हणून हे खाणं 'केजन मसाला' भुरभुरवलेल्या चिकनएवढंच आहे असं समजून कुणी बोललं की मला राहवत नाही.

आणि हो, हे खाणं कोल्हापुरी अर्थानं तिखट नाही. साखळी उपाहारगृहांनी केजन म्हणजे लालभडक आणि झणझणीत अशी समजूत जगभर पसरवली. खऱ्या पातेल्याचा पाया कांदा, सेलरी आणि हिरवी ढोबळी मिरची हा आहे. तिथले लोक त्याला 'होली ट्रिनिटी' म्हणतात. तिखटाची बाटली टेबलावर असतेच, टबॅस्को किंवा क्रिस्टल. टबॅस्को १८६८ पासून त्याच राज्यातल्या एव्हरी आयलंडवर बनतं, क्रिस्टल १९२३ पासून न्यू ऑर्लिन्स भागात. पण पहिले चार घास बाटलीला हात न लावता खा. आपल्याकडच्या सवयीनं पहिल्याच घासाला तिखट ओतलंत तर जे चाखायला आलात तेच झाकलं जाईल.

त्या चवीचं मूळ कुठे आहे ते गंबोच्या वाटीत सगळ्यात स्वच्छ कळतं, म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्यानं गंबोच घ्यावा. लहान वाटी आणि मोठा वाडगा असे दोन आकार असतात, लहान पुरते. गंबोची सुरुवात 'रू'नं होते: तेल आणि मैदा जवळजवळ सारख्या मापानं जाड बुडाच्या भांड्यात घालून ढवळत राहायचं. लाडवाला बेसन भाजणाऱ्या आपल्या बायकांना हे काम सांगावं लागणार नाही. तीच मंद आच, तोच खांदा भरून येणं, वासावरून पुढची पायरी ओळखणं तेच. फरक असा की तिथे बदामी रंगावर थांबत नाहीत. रंग शेंगदाण्याचा होतो, मग तांब्याच्या पैशाचा, मग चॉकलेटचा, आणि हा शेवटचा टप्पा फार नाजूक असतो, कारण तिथून करपायला अर्धं मिनिट पुरतं. काळा ठिपका दिसला तर सगळं टाकून पुन्हा पहिल्यापासून. अर्धा-पाऊण तास असा ढवळल्यावर चिरलेला कांदा, सेलरी, ढोबळी मिरची एकदम आत पडते. भाजीतल्या पाण्यानं मैद्याचं भाजणं तिथल्या तिथे थांबतं आणि चर्र करून जो वास सुटतो तो रस्त्यावर येतो. मग चिकनचं किंवा मासळीचं पाणी, अँडुई, आणि तासन्‌तास मंद उकळणं.

दाटपणासाठी रूखेरीज आणखी दोन वाटा आहेत. एक भेंडी, ती गुलामांबरोबर आफ्रिकेतून आली. दुसरी फिले पूड, म्हणजे ससाफ्रास झाडाची वाळवून कुटलेली पानं. ती तिथल्या मूळ चोक्टॉ लोकांची देणगी. फिले भांडं उतरवल्यावर घालतात, उकळत्यात पडली तर तार सुटते. टेबलावर छोट्या बाटलीत हिरवट पूड दिसली तर ती हीच, चिमूटभर टाकून बघा. गंबोखाली भात असतो. काही केजन घरांत भाताऐवजी बटाट्याचं सॅलड त्यातच सोडतात. कुणी तसं सुचवलं तर नाही म्हणू नका.

मैद्याचा रू असल्यामुळे ज्यांना गहू चालत नाही त्यांना गंबो चालणार नाही. एटुफे या भातावरच्या दाट रश्शातही बहुधा रू असतो. राजमा-भात किंवा जंबालाया त्यांना बरा, तोही विचारूनच.

पो-बॉयबद्दल थोडक्यात. हे लांब फ्रेंच पावाचं सँडविच. १९२९ साली न्यू ऑर्लिन्सच्या ट्राम कामगारांनी संप केला. बेनी आणि क्लोविस मार्टिन हे दोघे भाऊ आधी स्वतः ट्रामवर नोकरीला होते, आणि आता फ्रेंच मार्केटपाशी त्यांचं खाण्याचं दुकान होतं. संपकऱ्यांना आम्ही फुकट जेवू घालू असं त्यांनी जाहीर केलं आणि ते पाळलंही. जॉन जेंडुसा नावाच्या बेकरीवाल्यानं त्यांच्यासाठी दोन्ही टोकांपर्यंत सारख्या रुंदीचा पाव बनवला, म्हणजे कापल्यावर कुणाच्या वाट्याला निमुळतं टोक येऊ नये. हा सारखेपणा मला त्या सँडविचमधल्या कोणत्याही सारणापेक्षा मोठा वाटतो. आजचा पावही तसाच: कवच इतकं पातळ की चावताना पापुद्रे शर्टावर पडतात, आत कापसासारखा हलका. लाइडनहायमर ही १८९६ सालची बेकरी अजून शहरातल्या कितीतरी दुकानांना तो पुरवते. 'ड्रेस्ड' का, असं विचारतील. हो म्हटलंत की लेट्यूस, टोमॅटो, लोणच्याची काकडी आणि मेयोनेज येतं. अर्धाच मागवा. अख्खा एका माणसाला संपत नाही, आणि उरलेला संध्याकाळी खाण्यालायक राहत नाही, पाव मऊ पडतो. पॉइड्रास स्ट्रीटवर १९३८ पासून चालू असलेल्या 'मदर्स'मध्ये रोस्ट बीफ कापताना सुटलेले तुकडे रसात भिजवून पावात भरतात. बीफ खाणाऱ्यांनी तो एकदा खावा. मला स्वतःला तळलेल्या ऑयस्टरचा पो-बॉय सगळ्यांत आवडतो.

कनाल स्ट्रीटवरून चालताना आणखी एक गोष्ट मनात असू द्या. सप्टेंबर १९६० मध्ये याच रस्त्यावरच्या वूलवर्थ आणि मॅक्रोरी या दुकानांतल्या जेवणाच्या काउंटरवर काही तरुण विद्यार्थी येऊन बसले. त्यांतले बहुतेक कृष्णवर्णीय होते, आणि कृष्णवर्णीयांनी तिथे बसून जेवायचं नाही असा दंडक होता. त्यांनी जेवण मागितलं. मॅक्रोरीत बसलेल्यांना अटक झाली, शिक्षा झाली. १९६३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ती रद्द केली. त्याच वर्षांत ट्रेमे वस्तीतल्या 'डूकी चेज'मध्ये, लिया चेज यांच्या उपाहारगृहाच्या माडीवर, काळे आणि गोरे कार्यकर्ते एकत्र बसून गंबो खात पुढचे बेत आखत. असं एकत्र बसणं तेव्हा कायद्याविरुद्ध होतं. २००५ च्या कॅटरिना वादळात ते घर पाण्याखाली गेलं, दोन वर्षांनी पुन्हा उघडलं, आणि नव्वदी ओलांडल्यावरही लिया चेज तिथल्या स्वयंपाकघरात असत. २०१९ साली त्या गेल्या. डाउनटाउनपासून ट्रेमे लांब नाही. वेळ असेल तर दुपारचं जेवण तिथे घ्या. आज कुणीही कुणाच्याही शेजारी बसून राजमा-भात खातो, ते असं मिळवलेलं आहे.

आता कोळंबी. यात आपला संबंध सरळ येतो, म्हणून जरा सविस्तर.

अमेरिकेत खाल्ली जाणारी बहुतांश कोळंबी बाहेरून येते, आणि गेली काही वर्षं ती पाठवणाऱ्या देशांत भारत सगळ्यांत पुढे आहे. ही मुख्यतः आंध्र प्रदेशच्या किनाऱ्यावरच्या तळ्यांत वाढवलेली वनामी कोळंबी. ती गोठवून जहाजानं जाते आणि मेक्सिकोच्या आखातातल्या ताज्या कोळंबीपेक्षा स्वस्त पडते. परिणाम असा की ज्या राज्यात बापजाद्यांपासून कोळंबीच्या होड्या आहेत, तिथल्याच खाणावळीत पाटीवर होडीचं चित्र आणि ताटात आयात माल. दर पडल्यामुळे तिथल्या कोळ्यांना डिझेलचा खर्च निघणं मुश्कील झालं. कित्येकांनी होड्या विकल्या. शेवटी २०२४ मध्ये लुइझियानानं कायदा कडक केला: १ जानेवारी २०२५ पासून उपाहारगृहात आयात कोळंबी किंवा क्रॉफिश वाढत असतील तर तसं मेन्यूवर स्पष्ट लिहावं लागतं.

तळ्यात कोळंबी वाढवणाऱ्या आंध्रातल्या शेतकऱ्याशी माझं वैर नाही. त्याचंही पोट त्यावर आहे. पण मुंबईहून किंवा न्यू जर्सीहून न्यू ऑर्लिन्सपर्यंत जाऊन तुम्ही बंगालच्या उपसागराकाठचीच कोळंबी खाणार असाल तर त्या प्रवासाचा उपयोग काय? मेन्यूवरची ती बारीक ओळ वाचा. ओळ नसेल तर विचारा: कोळंबी गल्फची आहे का? असेल तर मालक अभिमानानं सांगतो, कधी होडीवाल्याचं नावही सांगतो. मे-जूनमध्ये तपकिरी कोळंबी असते, ऑगस्टनंतर पांढरी. दोन डॉलर जास्त पडले तर द्या. भारतीय गिऱ्हाईकानं हा प्रश्न विचारला की समोरच्याच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसतो, तो मी पाहिला आहे.

क्रॉफिशचं तेच. हा गोड्या पाण्यातला लहान शेवंडासारखा जीव. भात कापून झाला की शेतात पाणी भरून तिथेच तो वाढवतात. मार्च ते मे हा त्याचा खरा हंगाम. २०२३ च्या दुष्काळात आणि कडक उन्हाळ्यात जमिनीत पुरून बसलेले क्रॉफिश मोठ्या प्रमाणावर मेले आणि २०२४ च्या हंगामात दर इतके चढले की राज्याच्या गव्हर्नरांना आपत्ती जाहीर करावी लागली. ऑक्टोबरमध्ये गेलात आणि फळ्यावर क्रॉफिश एटुफे दिसलं तर ते गोठवलेल्या शेपट्यांचं असणार, आणि त्या शेपट्या चीनच्याही असू शकतात. त्या दिवशी दुसरं काही घ्या.

प्रसिद्ध पदार्थाच्या मागे सगळे एकदम धावले की काय होतं हे रेडफिशनं दाखवलं आहे. ओपेलुसासजवळ वाढलेले केजन शेफ पॉल प्रूडोम यांनी १९७९ साली फ्रेंच क्वार्टरमध्ये आपलं उपाहारगृह काढलं. लोण्यात आणि मसाल्यात बुडवून तापलेल्या लोखंडी तव्यावर काळा केलेला रेडफिश त्यांनी लोकांपुढे ठेवला. साऱ्या अमेरिकेला त्याचं वेड लागलं. काही वर्षांतच आखातातला रेडफिश इतका उपसला गेला की ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात सरकारला त्याची व्यापारी मासेमारी बंद करावी लागली. चूक प्रूडोम यांची नव्हती, त्यांनी आपल्या मुलखाचं खाणं जगाला मानानं दाखवलं. पण 'ब्लॅकन्ड'च हवं असा हट्ट धरण्यापेक्षा आज कोणता मासा ताजा आलाय ते विचारावं, आणि तो तव्यावर घ्यावा.

एका बाबतीत मात्र मी हात जोडून सांगतो. न्यू ऑर्लिन्समध्ये कच्चे ऑयस्टर बर्फावर मांडून देतात, आणि ते खाण्याची लोकांना भारी हौस. ज्यांना मधुमेह आहे, यकृताचा विकार आहे, किंवा कुठल्या औषधांमुळे प्रतिकारशक्ती कमी झाली आहे, त्यांनी कच्चा ऑयस्टर तोंडात घालू नये. उबदार समुद्रात व्हिब्रिओ नावाचा जिवाणू असतो. धडधाकट माणसाचं त्यानं बहुतेक वेळा नुसतं पोट बिघडतं, पण अशा माणसाच्या रक्तात तो शिरला तर जीव जाऊ शकतो. उन्हाळ्यात धोका जास्त. लिंबू पिळलं, टबॅस्को टाकलं, वर दारू घेतली म्हणून तो मरत नाही. आपल्या घराघरांत मधुमेह आहे आणि तो कुणी बाहेर बोलून दाखवत नाही, म्हणून हे लिहिणं मला गरजेचं वाटतं. तळलेले किंवा जाळावर चांगले शिजवलेले ऑयस्टर खुशाल खा. चवीला ते कुठे कमी नाहीत.

वेळेचं म्हणाल तर साडेअकराच्या आत पोहोचा किंवा दीडनंतर जा. मधल्या वेळात रांग फुटपाथवर येते. फार उशीरही नको: अशा पुष्कळ जागा दुपारी तीनच्या सुमारास बंद होतात, काही रविवारी उघडतच नाहीत, आणि दिवसाचा पदार्थ त्याआधीच संपतो. परिषदेचं साडेबाराचं सत्र संपण्याची वाट पाहू नका. बरोबर म्हातारी माणसं असतील तर एकानं रांगेत उभं राहावं आणि बाकीच्यांनी बसून घ्यावं, पण गर्दीच्या वेळी ऑर्डर देण्याआधी टेबल अडवणं काही ठिकाणी चालत नाही. भिंतीवर तशी सूचना असते, ती पाळा. चौघांत दोन पदार्थ आणि दोन वाट्या गंबो सहज पुरतो. वाटून खाल्लेलं तिथे कुणाला खटकत नाही.

पैशांचं शेवटी. साधारण पंधरा-वीस डॉलरांत एका माणसाचं भरपेट होतं, वर दहा टक्क्यांच्या आसपास विक्रीकर लागतो. त्याशिवाय टिप. टेबलावर आणून वाढलं असेल तर वीस टक्के ठेवा, काउंटरवरून स्वतः उचललं असेल तर दोन-तीन डॉलर बरणीत टाका. लुइझियानात राज्याचं स्वतःचं किमान वेतन नाही, आणि केंद्राच्या नियमानुसार टिप मिळणाऱ्या नोकराला मालक तासाला अवघे २ डॉलर १३ सेंट देऊ शकतो. तुमच्या पुढ्यात राजमा ठेवणाऱ्या त्या बाईचं घरभाडं टिपेतून जातं. आपल्याबद्दल तिथल्या वाढप्यांत एक बोलणं आहे, की भारतीय गिऱ्हाईक मोजून टिप देतं. ते खोटं पाडायला तीन डॉलर जास्त लागतात. जमलं तर रोखीत द्या, तिच्या हातात.